ॲमस्टरडॅमचे कालवे बघायचे तर हिवाळ्यात, तेही बोटीतून

ॲमस्टरडॅमला लोक ट्यूलिपच्या सीझनमध्ये जातात, पण कालव्यांकाठची जुनी घरं नीट बघायची असतील तर मी म्हणेन डिसेंबर-जानेवारीत जा आणि बोटीत बसा. काठाने एल्मची झाडं आहेत, उन्हाळ्यात घरांचा अर्धा चेहरा पानांआड जातो, हिवाळ्यात नुसत्या फांद्या राहतात आणि नजर थेट छपराखालच्या निमुळत्या भिंतीपर्यंत पोचते, कुणाची पायऱ्यापायऱ्यांची, कुणाची घंटेच्या आकाराची. त्यात ऊन इतकं तिरपं की २१ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर, म्हणजे घराची सावली उंचीच्या चौपट! आपण खाली गार सावलीत आणि समोरचे फक्त वरचे मजले उन्हात, विटेविटेमधली सांध दिसते.

आणि मग दिसतं की घरं वाकलीयत. यात दोन प्रकार आहेत हं. पुढे झुकलेली घरं बऱ्याचदा मुद्दाम तशी बांधलीयत. १६१३ पासून इथे नवे कालवे खणले गेले, व्यापाऱ्यांचा माल बोटीने दारात यायचा आणि माळ्यावर साठवायचा असायचा, म्हणून छपराखालून एक तुळई बाहेर काढलेली, तिला हूक, त्यावर कप्पी, आपल्या विहिरीवर असते तशीच. भिंत पुढे कललेली असली की दोराला लटकलेलं पोतं खिडक्यांवर आपटत नाही. जिने इतके अरुंद आणि उभे की आजही सोफा, कपाट असंच खिडकीतून वर चढवतात.

बाजूला, शेजाऱ्याच्या अंगावर कललेलं घर मात्र पाया खचल्याचं लक्षण. जमीन वरून नुसती मऊ पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर, आणि चिखल, घट्ट वाळू लागते सुमारे १२ मीटरवर, म्हणून तिथपर्यंत लाकडी खांब ठोकून त्यावर घरं उभी केली. डॅम चौकातल्या राजवाड्याखाली, म्हणजे १६४८ साली बांधायला घेतलेल्या जुन्या टाऊनहॉलखाली, असे १३,६५९ खांब आहेत!

लाकूड इतकी वर्षं कुजलं कसं नाही, तर पाण्यामुळेच. लाकूड झपाट्याने खाणाऱ्या बुरशीला ऑक्सिजन लागतो आणि पाण्याखालच्या चिखलात तो जवळपास नसतोच. काही बॅक्टेरिया तिथेही काम करतात पण फार सावकाश. धोका असतो तो जमिनीतलं पाणी खाली गेलं तर, कारण खांबांची डोकी उघडी पडतात, हवा लागते आणि कुजायला सुरुवात होते. म्हणून शहरातल्या कालव्यांचं पाणी तिथल्या प्रमाण पातळीच्या, म्हणजे साधारण समुद्रसपाटीच्या, ४० सेंटिमीटर खाली असं वर्षभर सांभाळलं जातं, पंप आणि लॉकगेट, म्हणजे पाणी अडवणारे दरवाजे, लावून.

बोट काठाला लागते तेव्हा धक्क्याच्या विटांवर बोटभर हिरवट शेवाळाचा पट्टा दिसतो, अगदी हाताच्या अंतरावर. पाण्याची पातळी तीच. त्याच्या खाली कुठेतरी खांबांची डोकी आहेत, भिजलेली.