ग्रामीण घराचे ऊर्जा-स्वावलंबी नूतनीकरण

शेतावरचे किंवा गावातले जुने घर न पाडता त्याची ऊर्जेची गरज कमी करणे आणि उरलेली गरज, तसेच पाणी व सांडपाण्याची सोय, शक्य तितकी जागेवरच भागविणे म्हणजे ऊर्जा-स्वावलंबी नूतनीकरण. आधी गरज घटवायची, मग पुरवठा उभारायचा, हा या नियोजनाचा कणा आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे घडते. सौर पॅनल आधी बसतात. गळके छप्पर आणि फटींच्या खिडक्या तशाच राहतात.

हा क्रम का पाळायचा, ते बॅटरीच्या हिशेबातून स्पष्ट होते. रोज 5 युनिट वीज लागणाऱ्या घराला सलग तीन ढगाळ दिवसांसाठी 15 युनिटांचा साठा हवा. शिसे-आम्ल बॅटरी टिकवायची तर ती साधारण निम्मीच वापरावी लागते, म्हणून तिची क्षमता 30 युनिट धरावी लागेल. गरज 3 युनिटांवर आणली की 18 युनिटांची बॅटरी पुरते. विजेच्या जाळ्यापासून तोडलेल्या घराची यंत्रणा वर्षाच्या सरासरीवर बेतून चालत नाही, ती सर्वांत वाईट आठवड्यावर बेतावी लागते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फ्राउनहोफर संस्थेने 1992 मध्ये पूर्ण स्वावलंबी सौरगृह उभारले, तेव्हा उन्हाळ्यातली ऊर्जा हिवाळ्यापर्यंत पुरवण्यासाठी हायड्रोजनचा साठा करावा लागला होता. शेवटची थोडीशी गरज भागवणेच सर्वांत महाग पडते. त्यामुळे विजेची जोडणी असेल तर ती काढून टाकण्याची घाई करू नये.

नियोजनाची सुरुवात पाहणीने होते. ऊन कोणत्या भिंतीवर किती वेळ पडते, वारा कुठून येतो, पावसाचे पाणी कुठे साचते, दर महिन्याला वीज आणि सरपण किती लागते, याची निदान सर्व ऋतूंतून नोंद ठेवलेली बरी. फटी शोधायला पेटती उदबत्ती पुरते: वाऱ्याच्या दिवशी दारे-खिडक्या लावून ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवली, की धूर जिथे आडवा ओढला जातो तिथे फट असते. काटेकोर मोजणीसाठी दारात पंखा बसवून आतबाहेरच्या हवेच्या दाबात 50 पास्कलचा फरक निर्माण करतात. जर्मनीतील डार्मश्टाट येथील पॅसिव्ह हाउस (अत्यल्प ऊर्जेत चालणारे घर) संस्थेच्या जुन्या इमारतींसाठीच्या ‘एनरफिट’ मानकानुसार अशा वेळी तासाभरात घरातल्या एकूण हवेइतकीच हवा झिरपलेली चालते. नव्या घराला ही मर्यादा 0.6 पट आहे. फटी बुजवल्या की हवा खेळती ठेवण्याची वेगळी सोय करावीच लागते. चूल किंवा शेगडी असलेल्या घरात तर हा जिवाचा प्रश्न आहे.

उष्मारोधनाचा, म्हणजे उष्णतेची ये-जा अडवण्याच्या कामाचा, पहिला मान छपराचा. उष्ण प्रदेशात उन्हाचा मोठा मारा तिथेच होतो आणि थंड प्रदेशात ऊबही तिथूनच निसटते. भिंतींच्या बाबतीत मात्र फार जपून काम करावे लागते. दगड-मातीच्या, चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंती जमिनीतून आणि पावसातून ओल घेतात आणि पृष्ठभागावरून ती हवेत सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकसारखा रंग चढवला की ओल आत कोंडते, जोत्याच्या वर पांढरे क्षार फुटतात, गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजतात. ओली भिंत उष्णताही जास्त वाहून नेते. म्हणजे ज्यासाठी खर्च केला तेच हातचे जाते. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि बाष्प जाऊ देणारे लाकडी तंतूंसारखे रोधक योग्य. त्याआधी पन्हळी दुरुस्त करून आणि जोत्याभोवती चर काढून पाणी घरापासून दूर न्यावे.

पाणी तापवायला वीज किती लागते, याचा अंदाज सहसा कमी पडतो. 100 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला सुमारे 4.65 युनिट लागतात. म्हणून सौर बंब किंवा उष्मापंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारे यंत्र) यांचा विचार पॅनलांची संख्या ठरवण्याआधी व्हावा. उष्मापंप एका युनिट विजेत अनुकूल हवामानात तीन-चार युनिट उष्णता देतो. सरपण जाळायचे असेल तर ते चांगले वाळलेले हवे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातले पाणी उडवण्यातच जाते.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. 100 चौ.मी. छप्पर, वर्षाला 700 मिमी पाऊस आणि 20 टक्के घट धरली तर 56,000 लिटर होतात. पण टाकीचा आकार या बेरजेवरून ठरत नाही, सर्वांत लांब कोरड्या काळावरून ठरतो. रोज 200 लिटर वापर आणि 120 कोरडे दिवस असतील तर 24,000 लिटरांची टाकी लागेल. पहिल्या पावसाचे पाणी वळवून सोडावे आणि पिण्याचे पाणी निर्जंतुक करावे. सांडपाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला हवा. अंतराचे नियम जमिनीनुसार बदलतात.

कामांची सांगड घालताना छप्पर आधी पक्के करावे. पॅनल 25 वर्षे किंवा त्याहून जास्त टिकतात, तेव्हा खालचे वासे तितकी वर्षे तग धरणारे हवेत. विजेच्या आणि पाण्याच्या नळ्या गिलाव्याआधी भिंतीत घालाव्यात. पुढे लागणाऱ्या बॅटरीसाठी किंवा दुसऱ्या टाकीसाठी रिकामी नळीही त्याच वेळी टाकून ठेवावी.