जगातलं पहिलं, आशियातलं मोठं आणि आमचे साहेबाचे ओटे

देवगड तालुक्यातल्या एका शाळेत मध्यंतरी ते फिरतं तारांगण आलेलं, म्हणजे पंख्याने हवा भरून फुगवायचा काळा तंबू, रांगत आत शिरायचं. आत घामाच्या धारा, पण दिवा मालवला आणि पोरं चिडीचूप. मग सरांची टेप सुरू, जगातलं पहिलं अमुक, आशियातलं सर्वात मोठं तमुक.

‘पहिलं’ म्हटलं की पोरं कान टवकारतात, त्यामुळे सगळीच तारांगणं हे करतात. गोची एवढीच की पहिलं कशात, ते गाळलं जातं. नेदरलँड्समध्ये फ्रानेकरला आइसे आयसिंगा नावाच्या लोकर पिंजणाऱ्याने स्वतःच्या घराच्या छताला लाकडी चाकं आणि खिळे वापरून फिरती ग्रहमाला बसवली, १७८१ ला पुरी झाली, अजून चालते, म्हणून ते सर्वात जुनं. पण घुमटावर तारे पाडणारं झाइस या जर्मन कंपनीचं यंत्र म्युनिकला पहिल्यांदा दाखवलं ते १९२३ ला, त्या अर्थाने पहिलं ते. दोन्ही खरं. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधलं १९५४ चं, भारतातलं पहिलं म्हणून ओळखतात, पण त्याला कुणी आशियातलं पहिलं म्हटलं की गाडी अडते, कारण जपानात ओसाकाला १९३७ लाच तारांगण होतं.

शेवटी सर म्हणाले, हेलियमचा शोध कुठे लागला? आपल्या विजयदुर्गला! टाळ्या. मीपण वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

आता खरा प्रकार असा की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि ज्याच्या नावाने विजयदुर्गची गोष्ट सांगतात तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर तर भारतात आलेलाच नव्हता, त्याने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटमापकातून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करणाऱ्या यंत्रातून, बघितला. त्यात एक पिवळी रेघ होती, सोडियमच्या दोन रेघांच्या शेजारी पण त्यांच्यावर न बसणारी, साधारण ५८७.६ नॅनोमीटर. तिच्यावरून नवीन मूलद्रव्य मानलं, तेच हेलियम, आणि रसायनशास्त्रज्ञ रॅमसेने ते पृथ्वीवर पकडलं १८९५ ला. लॉकियर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे, म्हणजे उपकरणं ठेवायचे चौथरे, दाखवतात ते त्याचेच. म्हणजे साहेब आला हे खरं, फक्त तीस वर्षं उशिरा.

बाहेर आल्यावर सरांना हळूच विचारलं. ते हसले, म्हणाले माहितीये हो, पण एवढं सांगत बसलो तर पुढची बॅच उन्हात उभीये ना.