बारा मोटेची विहीर, लिंब

सातारा शहराच्या उत्तरेस सुमारे १६ किमी. अंतरावर, कृष्णाकाठच्या लिंब गावाच्या शेरी या भागात असलेली अठराव्या शतकातील दगडी विहीर. विहिरीच्या पोटातच बांधलेला छोटा महाल आणि एकेकाळी तिच्या पाण्यावर वाढलेली आमराई यांमुळे साताऱ्याच्या राजघराण्याच्या बागेचा अवशेष म्हणून ती महत्त्वाची आहे. पाहायला येणारे बहुतेक जण ‘विहिरीतला राजवाडा’ पाहायला येतात. मूळ योजनेत मात्र बाग आधी, बागेसाठी विहीर आणि विहिरीच्या आधाराने महाल, असा क्रम दिसतो.

‘शेरी’ हा महसुलाच्या जुन्या परिभाषेतला शब्द आहे. ज्या जमिनीचे सगळे उत्पन्न सरकारात किंवा राजाच्या खासगीकडे जमा होई ती शेरी. कृष्णाकाठच्या अनेक गावांत मळीच्या सकस जमिनींना हे नाव अजून चिकटून आहे. लिंबच्या शेरीतच राजघराण्याची आमराई असावी, हे त्यामुळे ओघानेच येते.

शिलालेखाच्या आधारे विहिरीचे बांधकाम शके १६४१ ते १६४६ या काळातले मानले जाते आणि इसवी सनात ते १७१९ ते १७२४ असे दिले जाते. हे रूपांतर शकात सरसकट ७८ मिळवून केलेले आहे. शकवर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते, म्हणून पौषाच्या आसपासपासून फाल्गुनअखेरपर्यंतचे महिने पुढच्या इसवी सनात पडतात आणि तिथे ७९ मिळवावे लागतात. शके १६४६ चा फाल्गुन १७२५ च्या पूर्वार्धात येतो. काम त्या वर्षाच्या शेवटी संपले असेल, तर १७२५ हे साल अगदीच टाकाऊ नव्हे. संवत्सरांच्या, म्हणजे साठ वर्षांच्या नावांच्या, चक्रात शके १६४१ हे विकारी आणि शके १६४६ हे क्रोधी संवत्सर आहे (शकात १२ मिळवून ६० ने भागावे आणि बाकी प्रभवापासून मोजावी, पहिल्याची बाकी ३३, दुसऱ्याची ३८). झिजलेल्या लेखातील अंक वाचताना हा ताळा हाताशी असलेला बरा. कधीकधी १६४१–४६ हे आकडे ‘शके’ न लिहिता दिले जातात, आणि वाचक ते इसवी सन समजून विहीर थेट शहाजीराजांच्या काळात नेऊन ठेवतो. विहीर ज्यांच्या कारकिर्दीतली, त्या साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचा (शिवाजी महाराजांच्या नातवाचा) जन्मच १६८२ चा, तेव्हा हा अर्थ संभवत नाही.

१७१९ साली बाळाजी विश्वनाथ चौथ-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतला आणि शाहूंच्या मातोश्री येसूबाई मोगलांच्या ताब्यातून सुटून साताऱ्यास आल्या. विहिरीचा आरंभ त्याच शकवर्षातला आहे. यावरून थेट संबंध जोडता येणार नाही. मात्र त्याआधीच्या दशकात ताराबाईंच्या पक्षाशी चाललेला झगडा आणि सरदारांची फाटाफूट पाहता, पाच वर्षे दगडकाम चालवून आमराईची सोय करण्याइतकी उसंत साताऱ्याच्या गादीला याच सुमारास मिळाली, इतके म्हणायला हरकत नाही.

विहीर बांधवणारी विरूबाई भोसले. तिला सर्रास ‘शाहूंची राणी’ म्हटले जाते. सातारच्या दरबारात शाहूंच्या राण्या म्हणून सकवारबाई आणि सगुणाबाई या दोघी प्रसिद्ध आहेत. विरूबाई ही लग्नाची पत्नी नव्हती. मोगलांच्या कैदेत असताना त्यांच्या छावणीत शाहूंचा विवाह झाला, त्या वेळी वधूबरोबर दासी म्हणून ती आली, असे मत अभ्यासकांत अधिक मान्य आहे. औरंगजेबाने सून पाहण्याची इच्छा दाखवली तेव्हा राणीऐवजी विरूबाईला त्याच्यापुढे नेले, ही कथा परंपरेतली आहे, तिला तेवढेच वजन द्यावे. साताऱ्यात राजवाड्याचा अंतर्गत कारभार तिच्या हाती होता आणि दोन्ही राण्यांवर तिचा वचक होता, याबद्दल मात्र फारसा मतभेद नाही. १७०७ साली पारद येथील चकमकीत मारल्या गेलेल्या लोखंडे पाटलाच्या मुलाला शाहूंनी आश्रय दिला आणि त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले. विरूबाईने त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले. १७४० मध्ये ती वारल्यावर तिचे उत्तरकार्य फत्तेसिंहाने केले. अक्कलकोटचे भोसले घराणे त्याच्यापासून चालते. राणी की दासी हा वाद घालताना, तिच्या नावापुढे ‘भोसले’ हे आडनाव दगडात कोरले गेले आणि राजा हयात असताना कोरले गेले, ही गोष्ट विसरली जाते. दरबारातील तिच्या स्थानाचा तो बऱ्यापैकी बोलका पुरावा आहे.

विहिरीचा मुख्य भाग अष्टकोनी असून त्याला लागून आयताकृती उपविहीर आहे. वरून पाहिल्यास दोन्ही मिळून शिवलिंगासारखा आकार दिसतो. व्यास सुमारे ५० फूट आणि खोली सुमारे ११० फूट सांगितली जाते. एका बाजूने रुंद दगडी जिना खाली उतरतो, तो भक्कम दरवाजातून आत नेतो. दोन्ही भागांच्या मध्ये, पुलासारखा, महाल बसवलेला आहे. त्याच्या खांबांवर गणपती, हनुमान, कमळे, हत्तीस्वार आणि घोडेस्वार कोरलेले असून भिंतींवर शरभ (सिंहासारखा काल्पनिक पशू) आणि वाघ यांची शिल्पे आहेत. भिंतीच्या जाडीतून काढलेल्या चोरजिन्यांनी महालावरच्या सज्जात जाता येते. तिथे बसण्यासाठी केलेल्या दगडी आसनाला ‘सिंहासन’ म्हणतात. शाहू महाराज आणि पुढे, एकोणिसाव्या शतकात, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज इथे मसलती करत, अशी स्थानिक आख्यायिका आहे. महालात तशी सोय आहे, इतपत ती पटण्यासारखी आहे. उन्हाळ्याच्या भर दुपारी जमिनीखालचा जाड दगड आणि पायाशी पाणी असलेली ही जागा बागेतल्या कोणत्याही मांडवापेक्षा थंड राहते. महाल विहिरीत का बांधला, याला एवढे कारण पुरेसे वाटते.

‘अपराजितपृच्छा’ या बाराव्या शतकाच्या सुमाराच्या गुजरातेतील शिल्पग्रंथात वापींचे, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचे, प्रकार प्रवेशांच्या संख्येवरून सांगितले आहेत : एक प्रवेश असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन जया, चार विजया. एका मुख्य जिन्यामुळे लिंबची विहीर नंदा प्रकारात बसवता येईल. पण अठराव्या शतकातील मराठी पाथरवटांपुढे हे वर्गीकरण होते असे धरून चालणे धाडसाचे आहे. बारवेत माणसाने पाण्यापर्यंत उतरायचे असते आणि मोटेच्या विहिरीत पाण्याने माणसापर्यंत वर यायचे असते. लिंबला दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या आहेत आणि नुसत्या ‘बारव’ या नावाने त्यातला अर्धाच भाग सांगून होतो.

मोट चामड्याची असे. जाड नाड्याने ती चाकावरून खाली सोडत आणि भरल्यावर बैल उताराच्या धावेवरून पुढे चालत, तशी ती वर येई. मोटेच्या सोंडेला बांधलेला पातळ दोर ओढला की पाणी थारोळ्यात पडे आणि तिथून पाटाने शेतात जाई. प्रत्येक मोटेला काठावर चाकाची चौकट, बैलजोडी आणि धाव लागते, म्हणून मोटांची संख्या ठरवायची तर विहिरीचे तोंड नव्हे, काठ मोजावा लागतो. लिंबला अशा १५ जागा आहेत. नाव मात्र बारा मोटांचे. एका स्पष्टीकरणाप्रमाणे जागा १५ असल्या तरी प्रत्यक्षात १२ मोटा चालत. दुसऱ्याप्रमाणे ‘बारा’ हा इथे मोजणीचा आकडाच नव्हे. बारा वाटा, बारा गावचे पाणी, बारा भानगडी या बोलण्यात ‘बारा’ म्हणजे पुष्कळ. हे दुसरे मत अधिक सरळ आहे आणि त्यासाठी तीन मोटा बंद ठेवण्याचे कारण शोधावे लागत नाही.

आमराईत ३,३०० झाडे होती असे परंपरेने सांगतात. आंब्याची कलमे किंवा रोपे सुमारे १० मीटरच्या अंतराने लावली, तर हेक्टरी १०० झाडे बसतात, म्हणजे एवढ्या झाडांना ३३ हेक्टर, जवळपास ८२ एकर जमीन लागेल. नदीकाठच्या शेरीला हे क्षेत्र अशक्य नाही. एका विहिरीवर एवढी बाग कशी भिजे, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर आंब्याच्या वाढीत आहे. पहिली काही वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते, मुळे खोल गेली की झाड बहुतेक पावसावर तगते. पंधरा मोटांची सोय बहुधा त्या सुरुवातीच्या वर्षांच्या गरजेनुसार केली असावी. जवळच नदी असताना विहीर कशाला, यालाही उत्तर आहे. कृष्णेचे पात्र काठापासून खोल आहे. पाटाने पाणी खेळवायचे तर ते आधी बागेच्या वरच्या अंगाला चढवावे लागते. शाहूंना बागांचा आणि शिकारीचा शौक होता, हे प्रसिद्धच आहे. आज आमराई राहिलेली नाही आणि विहिरीभोवती शेते आहेत.

विहीर पाहण्यासाठी पुण्याकडून येताना आनेवाडीचा टोलनाका ओलांडून पुढे लिंब फाट्याला वळावे लागते. साताऱ्याहून एसटीने किंवा दुचाकीने सकाळी जाऊन दुपारी परत येता येते. बहुतेक जण थेट जिना उतरतात. आधी काठावरून एक फेरी मारून मोटांच्या जागा, थारोळी आणि जमिनीचा उतार पाहिला, तर खालचा महाल कशासाठी आहे ते नीट कळते. पावसाळ्यानंतर पाणी वर असते आणि रचनेचा बराच भाग झाकलेला राहतो. उन्हाळ्याच्या अखेरीस खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. पायऱ्यांवर शेवाळ असते आणि कठडे सगळीकडे नाहीत, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नये. अष्टकोनात ऊन उतरते ते दुपारच्या सुमारास, तेव्हा शिल्पे स्पष्ट दिसतात. गावाजवळ कृष्णेच्या पात्रातले कोटेश्वराचे मंदिरही पाहण्यासारखे आहे.

याच दिवसात साताऱ्याचे राजवाडेही जोडता येतात. जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीतला, सुमारे १८२४ चा, आणि त्याला लागून असलेला नवा १८४४ च्या सुमाराचा मानतात. जुन्या वाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव या शाळेच्या पटावर चढले. उत्तरेकडे जायचे असल्यास वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तिथली मोठी घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली, १७०७ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा आहे. लिंब, सातारा आणि मेणवली एकाच दिवशी उरकायची, तर लिंबच्या काठावर सकाळी नऊच्या आत उभे असावे लागते.