साथरोगांची गणिती प्रारूपे

एखादा संसर्गजन्य रोग लोकवस्तीत किती वेगाने पसरेल, किती जणांना गाठेल आणि कोणत्या उपायाने किती आटोक्यात येईल, हे समीकरणांच्या साहाय्याने मांडण्याची पद्धत. कोविडच्या काळात अशा मॉडेलचे अंदाज रोज छापून येत आणि लोक त्यांत 'लाट कधी ओसरणार' एवढेच शोधत. या कामात प्रारूपे सर्वांत कच्ची असतात. बाजार बंद करावा की वेळा बदलाव्यात, लस आधी कोणाला द्यावी, असे दोन पर्याय शेजारी ठेवून तोलायला ती जास्त उपयोगी पडतात.

या शास्त्राची सुरुवात देवीच्या रोगापासून झाली. देवीची टोचणी सर्वांना दिली तर सरासरी आयुष्य किती वाढेल, याचा हिशेब डॅनिएल बेर्नुली या स्विस गणितज्ञाने १७६० मध्ये मांडला. पुढचे दोन मोठे टप्पे मात्र भारताशी जोडलेले आहेत. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात असतो हे १८९७ मध्ये सिकंदराबादला शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी नंतर गणिताने दाखवले, की एकूण एक डास मारावा लागत नाही; डासांची संख्या ठरावीक उंबरठ्याखाली आणली की हिवताप आपोआप मावळतो. दुसरा टप्पा १९२७ चा. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले डॉक्टर मॅकेंड्रिक आणि प्रयोगशाळेतल्या स्फोटात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ केरमॅक या दोघांनी एडिंबरोहून जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावर आजची बहुतेक प्रारूपे उभी आहेत. पडताळ्यासाठी त्यांनी घेतले ते मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंचे आठवडावार आकडे. मुंबईत १८९६ मध्ये शिरलेला हा प्लेग नाशिक परिसरातही पोचला होता. भगूरला १८९९ मध्ये सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत त्यातच गेले.

गंमत अशी की प्लेग जीवाणूचा रोग, आणि त्या साथीत तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरत होता. या दोघांच्या समीकरणांत उंदीर धरलेलेच नव्हते, तरी वक्र मुंबईच्या आकड्यांवर छान बसला. वक्र जुळला म्हणजे कारण सापडले असे होत नाही, हे या विषयाच्या पहिल्याच धड्यात शिकायला मिळते.

मूळ मांडणी

लोकसंख्येचे तीन गट करायचे : अजून लागण न झालेले, सध्या संसर्ग देऊ शकणारे, आणि बरे होऊन किंवा दगावून या साखळीतून बाहेर पडलेले. नव्या लागणीसाठी पहिल्या गटातला माणूस दुसऱ्या गटातल्याला भेटावा लागतो, म्हणून रोजच्या नव्या लागणी या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात धरतात. साथीचा चढ आणि उतार दोन्ही या गुणाकारातूनच येतात. सुरुवातीला संसर्गी थोडे, निरोगी भरपूर. शेवटी लागण होऊ शकणारेच कमी उरतात. इबोला किंवा कोविडसारख्या विषाणूंसाठी चौथा गट जोडावा लागतो : लागण झाली आहे, पण अजून संसर्ग देत नाहीत असे लोक.

सगळे निरोगी असलेल्या वस्तीत एक रुग्ण सरासरी किती जणांना रोग देतो, त्या आकड्याला मूलभूत प्रजनन संख्या किंवा 'आर-नॉट' म्हणतात. गोवराची ती १२ ते १८ मानतात, देवीची साधारण ३.५ ते ६, मूळ कोविड विषाणूची २ ते ३ आणि इबोलाची १.५ ते २.५. इबोला झालेल्यांपैकी सरासरी निम्मे दगावतात, तरी पसरण्यात तो गोवराच्या जवळपासही नाही. जीव घेण्याची ताकद आणि पसरण्याची ताकद यांची गल्लत बातम्यांत नेहमी होते.

ही संख्या २ असेल, तर निम्मे लोक सुरक्षित झाल्यावर साथ वाढायची थांबते. ते लसीने सुरक्षित झाले असतील तर ठीक. रोगालाच मोकळे सोडले, तर निम्म्यांना लागण झालेली असते त्या घडीला आजारी लोकांची संख्या शिखरावर असते. ते पुढेही संसर्ग देतच राहतात आणि साथ संपेपर्यंत सुमारे ८० टक्के लोकांना लागण होऊन जाते. 'सामूहिक प्रतिकारशक्ती येऊ द्या' म्हणणाऱ्यांच्या हिशेबातून हे वरचे ३० टक्के हमखास गळतात.

पाच रुपयांची पावती

आर-नॉटमध्ये विषाणूचा वाटा असतो तसाच भेटीगाठींचाही असतो, आणि प्रशासनाच्या हातात तेवढाच असतो. मार्च २०२१ च्या अखेरीस नाशिकमध्ये प्रमुख बाजारपेठांत शिरायला माणशी ५ रुपयांची पावती सुरू झाली. मुदत एक तास. त्याहून जास्त रेंगाळल्यास ५०० रुपये दंड. त्यावर विनोद पुष्कळ झाले. गणिताच्या नजरेने मात्र कल्पना वाटते तितकी हास्यास्पद नव्हती. समजा, दिवसभरात बाजारात येणारे गिऱ्हाईक तेवढेच राहिले, पण प्रत्येकाचा मुक्काम दोन तासांवरून एक तासावर आला. मग कोणत्याही क्षणी बाजारातली गर्दी निम्मी होते. म्हणजे निम्म्या गर्दीत निम्मा वेळ : एका गिऱ्हाइकाच्या इतर गिऱ्हाइकांशी होणाऱ्या भेटी चौथ्या हिश्श्यावर येतात. दिवसभर गाळ्यावर बसणाऱ्या विक्रेत्याच्या बाबतीत मुक्काम कमी होत नाही, गर्दी तेवढी कमी होते, त्यामुळे त्याच्या भेटी फक्त निम्म्या होतात. बाजारातला धोका गिऱ्हाइकापेक्षा विक्रेत्याला जास्त का, हेही याच हिशेबातून कळते. पावतीसाठी प्रवेशद्वारावर रांग लागली, तर कमावलेले सगळे तिथेच जाते. प्रत्यक्षात काय साधले हे वेगळे काढता येत नाही, कारण आठवडाभरातच, ५ एप्रिलपासून, राज्यभर कडक निर्बंध आले.

तीन गटांचे साधे प्रारूप सगळे लोक एकमेकांना सारख्याच शक्यतेने भेटतात असे धरते. पंधरा तालुक्यांच्या नाशिक जिल्ह्याला ते लावणे धाडसाचे आहे. एप्रिल २०२० मध्ये राज्यातल्या ठळक हॉटस्पॉटपैकी एक ठरलेल्या मालेगावात यंत्रमाग थांबले, पण दाटीच्या वस्तीतल्या छोट्या घरांत मोठी कुटुंबे दिवसभर एकत्र राहिली. टाळेबंदीने बाहेरच्या भेटी घटतात आणि घरातल्या वाढतात. नाशिक शहरातल्या कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये आणि मालेगावच्या गल्लीत हा सौदा सारखा नसतो. सुरगाणा-पेठकडचे मजूर द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर येतात आणि काम संपले की परततात. म्हणून तालुक्यांना वेगवेगळे धरून त्यांच्यातली ये-जा जोडणारी प्रारूपे वापरतात, आणि त्यांत फेब्रुवारीचे आकडे ऑगस्टला चालत नाहीत.

इबोलाच्या प्रारूपांत वेगळेच वळण आहे. काँगोतल्या १९९५ च्या आणि युगांडातल्या २००० च्या साथींवर आधारलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात रुग्णालय आणि अंत्यविधी असे दोन स्वतंत्र गट ठेवले गेले, कारण मृतदेहाला आंघोळ घालताना, स्पर्श करताना लागण होते. पुढे पश्चिम आफ्रिकेत सुरक्षित दफनावर भर देण्यात आला. कोविडमध्येही अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती, पण कारण निराळे : तिथे मुख्य भीती जमलेल्यांना एकमेकांची. रामकुंडावर दशक्रियेला जमणारी नातेवाईक मंडळी कोविडच्या हिशेबात मोजावी लागतात. इबोलाच्या हिशेबात त्याआधीचे, घरातले काही तास मोजावे लागले असते.

अंदाज चुकतात तेव्हा

सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने म्हटले, की काहीच वाढीव उपाय झाले नाहीत तर लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये जानेवारीपर्यंत इबोलाचे १४ लाखांपर्यंत रुग्ण होतील. साथ संपली तेव्हा पश्चिम आफ्रिकेतले एकूण रुग्ण सुमारे २८,६०० आणि मृत्यू ११,३०० होते. या फरकाला निव्वळ चूक म्हणता येत नाही. 'काहीच केले नाही तर' ही अटच मोडली गेली, आणि ती मोडावी म्हणूनच आकडा जाहीर झाला होता.

भारतातल्या कोविडच्या 'सूत्र' प्रारूपाची गोष्ट तशी नाही. मणिंद्र अग्रवाल, एम. विद्यासागर आणि लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांच्या या प्रारूपात चाचणीत न सापडलेल्या रुग्णांचा वेगळा गट होता आणि ही त्याची खरी जमेची बाजू. दुसरी लाट एप्रिल २०२१ च्या मध्यास शिखर गाठेल, असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात मेच्या पहिल्या आठवड्यात देशातले रोजचे रुग्ण ४ लाखांवर गेले. विषाणूचे रूप बदलले की जुन्या आकड्यांवरून काढलेले गुणक निकामी होतात. कानिटकर त्याच वर्षी जुलैमध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

मृत्यूंचा अंदाज तर लागणीपेक्षाही अवघड. मृत्युदर स्थिर धरला जातो, पण तो खाटा, ऑक्सिजन आणि मनुष्यबळावर अवलंबून असतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. असे मृत्यू कोणत्याही समीकरणात बसत नाहीत.

सिंहस्थ

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. २०१५ नंतरचा २०२६-२८ चा. पर्वणीच्या दिवशी घाटावरची गर्दी प्रचंड असते, पण साथीच्या दृष्टीने खरा प्रश्न परतीचा आहे. फ्लूची लक्षणे एक ते चार दिवसांत दिसतात, गोवराची साधारण दहा ते चौदा दिवसांत. एक-दोन दिवसांत स्नान आटोपून नाशिकरोडहून गाडी पकडणारा भाविक गोवराने आजारी पडेल तो आपल्या गावी. २०१५ च्या मेळ्यात तात्पुरत्या दवाखान्यांतल्या रुग्णांच्या तक्रारी टॅब्लेटवर नोंदवून रोजच्या रोज पाहण्याचा प्रयोग झाला. अशी नोंद जुलाब किंवा तापाची उसळी लगेच पकडते. लांब अधिशयनकाळाच्या, म्हणजे लागणीपासून लक्षणे दिसेपर्यंत बरेच दिवस जाणाऱ्या रोगासाठी मात्र गाड्या-बसच्या आरक्षणाचे आकडे आणि भाविकांच्या मूळ जिल्ह्यांतले आरोग्य अहवाल प्रारूपाला जोडावे लागतात.