चष्म्यामुळे नंबर वाढतो का?

‘लहान वयात चष्मा लागला की सवय होते आणि नंबर वाढतच जातो’ हे खरे नाही. मायनस नंबर (लांबचे धूसर दिसणे) वाढतो तो वाढत्या वयात डोळ्याचा गोल लांबट होत गेल्याने. उलट मलेशियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुद्दाम ०.७५ कमी नंबराचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर अधिक वेगाने वाढला.

खरा धोका चष्मा टाळण्यात आहे. एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल तर मेंदू त्या धूसर डोळ्याकडे दुर्लक्ष करतो आणि तो डोळा ‘आळशी’ होतो, म्हणजे त्याची नजर कमजोर राहते. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर उपचार अवघड होत जातात. मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याला छान दिसते! म्हणूनच ६ मीटरवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर एकेक डोळा वेगळा तपासावा. झाकायला तळहात घ्यावा. बोटांच्या फटीतून मुले हमखास बघतात.