मधुमेह रोखायचा तर मुलींच्या ताटापासून

देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ सालच्या अहवालात आहे. पन्नाशीत साखर वाढली की गोळी सुरू होते. पण या आजाराची मुळं किती मागे जातात, हे पुण्याजवळच्या सहा गावांनी जगाला दाखवून दिलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी तिथे १९९३ मध्ये अभ्यास सुरू केला. आईचा आहार आणि रक्त तपासायचं, बाळाची मापं घ्यायची आणि मग ते मूल मोठं होईपर्यंत पाठपुरावा करायचा. इथली बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साधारण ३.५ किलोंची. एवढ्याशा बाळाच्या अंगावर चरबी कुठून असणार? पण पाठीवरच्या कातडीखाली ती जवळपास इंग्लिश बाळांइतकीच भरली. उणे होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. मोठेपणीही हीच ठेवण राहते आणि मधुमेहाला वाट करून देते. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३; शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. 'मी तर बारीक आहे' म्हणून निर्धास्त राहणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे लक्षात ठेवावेत.

अभ्यासातल्या सुमारे दोन तृतीयांश मातांना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडत होतं. ते दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं, भाजी-भाकरीतून नाही. बी-१२ आणि फोलेट (गोळीतलं फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप) मिळून पेशींमधली कोणती जनुकं चालू राहतील, कोणती बंद, यावर परिणाम करतात. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीराकडून सर्वांत कमी दाद मिळत होती. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी थांबवायची असं मुळीच नाही. बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टाळायला ती हवीच. तिच्या जोडीला बी-१२ हवं, एवढंच.

आणि ते वेळेत हवं. दिवस गेल्याचं कळून दवाखान्यात नाव घालेपर्यंत बाळाच्या अवयवांची घडण सुरू झालेली असते. म्हणून २०१२ पासून त्याच अभ्यासातल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना रोज अवघे २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं गेलं. माझ्या मते आपल्याकडच्या प्रतिबंधाच्या विचारातलं हे सर्वांत धाडसी पाऊल आहे. आजार पन्नाशीतला, रोखण्याचा प्रयत्न मात्र पुढच्या पिढीच्या आईबापांवर, त्यांची लग्नं होण्याआधी! बी-१२ घेतलेल्या मातांची मुलं दोन वर्षांची झाल्यावर आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत सरस ठरली. त्यांच्या साखरेचा निकाल कळायला अजून बरीच वर्षं जावी लागतील. तोवर शाळकरी मुलींच्या ताटात रोज दूध, दही किंवा अंडं पडायला कुणाच्या निकालाची वाट पाहायचं कारण नाही.