दाह कारण की परिणाम? हृदय-चयापचय संशोधनाची पार्श्वभूमी

हृदयविकार, टाइप २ मधुमेह, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब एकाच माणसात एकत्र का येतात, यावर आज जगभर पीएच.डी.चे प्रबंध लिहिले जातात. त्यांतल्या अनेकांच्या पहिल्याच प्रकरणात मंद, दीर्घकालीन दाहाची गाठ पडते. हा दाह जखमेभोवतीच्या दाहासारखा नसतो. पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे नोंदवली; इथे त्यांतले एकही डोळ्यांना दिसत नाही. वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. रक्तातले दाहदर्शक घटक किंचित चढलेले असतात, एवढेच. साहजिकच, हा दाह आजार घडवतो की आजारामुळे होतो, हा प्रश्न फार काळ लोंबकळत राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी धमनीकाठिण्य (धमन्यांच्या भिंतींत मेद साचून त्या जाड, कडक होणे) हा धमनीच्या आतल्या थराचा दाहच आहे, असे मांडले. व्हिएन्नाचे कार्ल फॉन रोकिटान्स्की यांना ते पटले नाही. त्यांच्या मते रक्तातले घटक आधी भिंतीवर साचतात आणि दाह मागाहून येतो. वाद मिटला नाही, बाजूला पडला. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेम्योन खालातोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर उमटले. त्या थरांत पांढऱ्या पेशीही दिसल्या होत्या, पण लक्षात राहिले ते कोलेस्टेरॉल. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या रहिवाशांवर सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासानंतर तर ते हृदयविकाराच्या चर्चेच्या केंद्रस्थानीच आले. ते चुकीचे नव्हते. पण जे सहज मोजता येते त्यालाच महत्त्व मिळते, ही खोड विज्ञानालाही आहे.

मधुमेहाच्या बाजूची गोष्ट मला अधिक चटका लावणारी वाटते. १८७६ मध्ये विल्हेल्म एब्श्टाइन यांनी सोडियम सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातले दाहशामक औषध दिल्यावर मधुमेहींच्या लघवीतली साखर घटते, असे नोंदवले. १९०१ मध्ये मँचेस्टरच्या विल्यमसन यांनाही तेच आढळले. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये सांधेदुखीसाठी मोठ्या मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्या एका मधुमेही रुग्णाला इन्शुलिनची गरजच उरली नाही, तेव्हा हा धागा पुन्हा हाती आला. तीन वेळा सापडलेली गोष्ट तीनदा विसरली गेली! कारण उघड होते. दाहावरच्या औषधाने साखर का उतरावी, याचा खुलासा करणारी चौकटच नव्हती. मात्राही एवढी मोठी लागे की कानात आवाज येणे ठरलेलेच.

ती चौकट उभी राहिली १९९३ मध्ये, आणि तिच्या मुळाशी एक पीएच.डी.चे काम होते. बॉस्टनमध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थी असलेल्या गोखान होतामिस्लिगिल यांनी लठ्ठ उंदरांच्या मेदऊतीत (चरबीच्या ऊतीत) टीएनएफ-अल्फा हे दाहकारक प्रथिन वाढलेले दाखवले. ते निष्प्रभ केल्यावर इन्शुलिन पुन्हा नीट काम करू लागले. चरबी म्हणजे निव्वळ साठवण ही समजूत तिथून ढासळायला लागली. पुढच्याच वर्षी मेदऊतीतून स्रवणाऱ्या लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाचा शोध लागला. २००३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की लठ्ठपणात मेदऊतीत महाभक्षी पेशी (मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) मोठ्या संख्येने शिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली मरणाऱ्या मेदपेशीला या पेशींनी कडे केलेले दिसते, तेव्हा 'मंद दाह' हा शब्दप्रयोग पुस्तकी राहत नाही.

माणसांत मात्र गणित इतके सरळ सुटले नाही. टाइप २ मधुमेहींना टीएनएफविरोधी प्रतिपिंड देऊन पाहिले, तर १९९६ च्या छोट्या चाचणीत इन्शुलिनच्या परिणामात फरक पडला नाही.

हृदयाच्या बाजूने याच सुमारास सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) हा दाह वाढला की रक्तात चढणारा घटक पुढे आला. हे प्रथिन १९३० मध्ये रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडले होते. १९९७ मध्ये पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी निरोगी डॉक्टरांचे आधी साठवलेले रक्त तपासले. ज्यांचे सीआरपी सर्वांत वरच्या चतुर्थांशात होते, त्यांना पुढे हृदयविकाराच्या झटक्याचा धोका तळच्या चतुर्थांशाच्या सुमारे तिप्पट होता. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी धमनीकाठिण्य हा दाहजन्य आजार आहे असे ठामपणे लिहिले. पण सीआरपी स्वतः गुन्हेगार आहे का? जन्मतःच ज्यांच्या जनुकांमुळे ते जास्त असते, त्यांच्यात हृदयविकार त्या प्रमाणात वाढलेला दिसला नाही. उलट इंटरल्युकिन-६ या सीआरपी वाढवणाऱ्या दाहसंदेशक प्रथिनाच्या ग्राहीवर (ते जिथे पेशीला चिकटते त्या जागेवर) परिणाम करणारा जनुकभेद असलेल्यांत धोका कमी निघाला. म्हणजे सीआरपी सूचक, आणि खरी हालचाल त्याच्या वरच्या पायऱ्यांवर. २०१० मध्ये एक दुवाही मिळाला: कोलेस्टेरॉलचे स्फटिक महाभक्षी पेशींतील एनएलआरपी३ ही दाह पेटवणारी यंत्रणा जागी करतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहसंदेशक प्रथिन बाहेर पडते. फिरखो आणि अनिच्कोव्ह यांच्या बाजू इथे एकमेकींना भेटतात.

निकालाची परीक्षा २०१७ मध्ये झाली. झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढे असलेल्या १०,०६१ रुग्णांच्या 'कँटोस' चाचणीत इंटरल्युकिन-१ बीटाला अडवणारे कॅनाकिनुमॅब दिले गेले. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने हृदयविषयक घटना १५ टक्क्यांनी घटल्या. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, जागच्या जागी होते. किंमतही मोजावी लागली: जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्युदर घटला नाही. पुढे मेथोट्रेक्सेट या संधिवातावरच्या दाहशामक औषधाची चाचणी निष्फळ ठरली. कॉल्चिसिन हे गाउटचे जुने, स्वस्त औषध २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत उपयोगी दिसले आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला हृदयरोगासाठी मान्यता मिळाली. २०२४ मध्ये ताज्या झटक्यानंतरच्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. दाह 'कमी करणे' पुरत नाही, कोणता दाह, कुठे आणि कधी, हे ठरवावे लागते.

'कँटोस'मधली एक बाब या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावी. त्याच औषधाने नव्याने होणारा मधुमेह टळला नाही. हृदय आणि चयापचय यांना जोडणारा दाह एकच आहे, हे गृहीत धरून आखलेल्या प्रबंधापुढे ही मोठी अडचण आहे. शिवाय मोजमापाच्या खाचाखोचा आहेतच. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेले तर बहुधा सर्दी-ताप किंवा दुसरा संसर्ग असतो. ते नमुने वगळायचे की दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचे, हे आराखड्यातच ठरवून ठेवावे लागते, नाहीतर आकडे हाती आल्यावर सोयीचा निर्णय घेण्याचा मोह होतो.